विष्ठा, लाळ आणि पंचनामा : यवतमाळच्या वाघांच्या आहार-आरोग्याच्या अभ्यासाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातला वाघ काय खातो याची लेखी नोंद प्राणिशास्त्रज्ञांच्याही आधी सरकारी हिशेबनिसांनी ठेवली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे वऱ्हाडाचा आग्नेयेकडचा डोंगराळ भाग वणी जिल्हा म्हणून वेगळा झाला आणि १९०५ मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १८७० च्या दशकापासून ब्रिटिश हिंदुस्थानात हिंस्र श्वापदांनी किती माणसे मारली, किती गुरे मारली आणि बक्षीस देऊन किती श्वापदे मारवली, याचे तक्ते दरवर्षी तयार होत. त्यांत वाघ, बिबट, लांडगा यांचे वेगळे रकाने असत. या तक्त्यांचा हेतू अभ्यासाचा नव्हता. श्वापदे कमी करून शेतसारा आणि लागवड वाढवणे, हा त्यांचा हेतू होता. तरीही वाघाच्या आहारातला गुरांचा वाटा कागदावर प्रथम आला तो तिथेच.

कागदाबाहेरचे ज्ञान याहून कितीतरी जुने आणि अधिक तपशीलवार होते. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यातल्या कोलाम, गोंड आणि परधान वस्त्या, उमरखेड-महागावकडची आंध गावे, बंजारा तांडे यांचे गुराखी दिवसभर रानात असत. वाघ बहुधा मागच्या मांडीकडून खायला लागतो, बिबट पोटाकडून किंवा छातीकडून. मारलेले जनावर वाघ ओढत झुडपात नेतो, तर बिबट पुष्कळदा झाडावर चढवतो. गळ्यावरचे सुळ्यांचे व्रण रुंद असतील तर वाघ, अरुंद असतील तर बिबट. हे ठोकताळे गुराख्यांना पाठ होते. आजही गाय मारल्याचा पंचनामा करताना वनरक्षक हीच लक्षणे नोंदवतो. शास्त्रीय अहवालांत या ज्ञानाचे श्रेय क्वचितच दिले गेले, आणि ही उणीव लहान नाही.

एकोणिसाव्या शतकात प्राण्यांविषयी लिहिणारे बहुतेक सगळे शिकारी, सैनिक किंवा वनाधिकारी होते. जालन्यात काही काळ लष्करी वैद्य असलेल्या टी. सी. जर्डन यांचा भारतीय सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ १८६७ मध्ये आला, आर. ए. स्टर्नडेल यांचा १८८४ मध्ये. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकात मध्य भारतातल्या शिकारींच्या टिपणांना नियमित जागा मिळू लागली. मध्य प्रांतात वनखात्यात काम केलेल्या डनबार ब्रँडर यांचे १९२३ चे पुस्तक या परंपरेतले सर्वांत विश्वासार्ह म्हणावे लागेल, कारण त्यात बढाई कमी आणि निरीक्षण जास्त आहे. या लेखकांनी मारलेल्या वाघाचे पोट फाडून आत काय सापडले ते लिहून ठेवले. साळिंदराचे काटे, माकडाचे केस, बेडूक, क्वचित माती आणि गवतही.

पण या पद्धतीत मूळचाच एक दोष होता. शिकारी मचाणावर बसण्याआधी रेडा किंवा बैल आमिष म्हणून बांधायचा आणि त्यावर आलेला वाघ मारायचा. अशा वाघाच्या पोटात गुराचे मांस सापडले, तर त्यावरून त्याचा नेहमीचा आहार कसा ठरवणार? शिवाय जो वाघ गावाजवळ येतो तोच जास्त मारला जातो, म्हणून गुरे खाणाऱ्या वाघांची संख्या नोंदींत फुगलेली दिसते. आरोग्याच्या बाबतीत मात्र शिकाऱ्यांचे एक निरीक्षण पुढे खरे ठरले. जिम कॉर्बेट यांनी १९४४ च्या पुस्तकात मांडले की माणसाकडे वळलेल्या अनेक वाघांना जुनी जखम असते. कुणाच्या पंजात साळिंदराचे काटे रुतलेले असतात, कुणाचा सुळा गोळीने तुटलेला असतो. कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीचे तोंड असेच निकामी झाले होते. आहार आणि आरोग्य हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे या निरीक्षणातून पहिल्यांदा ठळक झाले.

रोगांची गोष्ट वाघापासून सुरू होत नाही, ती गुरांपासून सुरू होते. वऱ्हाडातल्या रानांत गावची गुरे, चितळ, सांबर आणि रोही एकाच पाणवठ्यावर पाणी पीत आणि एकाच कुरणात चरत. बुळकांडीची साथ आली की गावातली गुरे पटापट मरत आणि तीच साथ रानातल्या खुरवाल्या प्राण्यांनाही लागे. १८८९ मध्ये पुण्यात गुरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा सुरू झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली आणि बुळकांडीवरचे लस-संशोधन तिथे वाढले. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. वाघाच्या इतिहासात या घटनेला फारसे स्थान दिले जात नाही, पण तिने त्याच्या ताटातले भक्ष्य वाचवले. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि फाशी हे रोग मात्र टिकून आहेत, आणि म्हणून अभयारण्यालगतच्या गावांत गुरांचे लसीकरण करणे हा वन्यजीवांच्या आरोग्याचाही भाग धरला जातो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, कायदेशीर शिकार थांबली आणि पोट फाडून पाहण्याची पद्धतही संपली. नव्या पद्धतीची पायाभरणी त्याआधीच झाली होती. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्हाच्या जंगलात राहून वाघाने मारलेल्या जनावरांचे अवशेष आणि वाघाची विष्ठा पद्धतशीर गोळा केली. त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवंत वाघाला हातही न लावता त्याचा आहार मोजता येतो, हे त्या ग्रंथाने भारतातल्या अभ्यासकांना दाखवून दिले. १९८२ मध्ये डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली, आणि हे तंत्र तिथे शिकवले जाऊ लागले.

तंत्र समजून घेण्यासारखे आहे. वाघ मांस केसांसकट गिळतो. मांस पचते, केस पचत नाहीत. जंगलातल्या पायवाटांवर, नाल्यांच्या काठी आणि गाडीवाटांच्या कडेला पडलेली विष्ठा गोळा करून, तारीख-जागा लिहून उन्हात वाळवतात. मग बारीक चाळणीत पाण्याखाली धुतात. उरतात केस, खुरांचे तुकडे, हाडांच्या कपच्या, कधी दात. दर विष्ठेतले काही केस यादृच्छिक निवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गीरच्या सिंहांवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले की प्रत्येक विष्ठेतले साधारण वीस केस तपासले तरी पुरते. केसाच्या बाहेरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची रचना जातीप्रमाणे बदलते. चितळ, सांबर, रानडुक्कर, रोही, वानर, गाय, शेळी यांच्या केसांचे नमुने आधी तयार ठेवलेले असतात, त्यांच्याशी ताडून जात ठरवली जाते.

मोजणीत फसण्याची जागा पुढे येते. लहान जनावराच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगावर केस जास्त असतात, म्हणून विष्ठेत त्याच्या खुणाही जास्त उमटतात. अमेरिकेतल्या प्यूमावरच्या आहार-चाचण्यांतून १९८४ मध्ये यावर सूत्र निघाले. एका विष्ठेमागे खाल्लेले मांस, किलोमध्ये, म्हणजे १.९८० अधिक भक्ष्याच्या वजनाची ०.०३५ पट. आठ किलोच्या वानरासाठी हा आकडा सुमारे २.२६ येतो, पन्नास किलोच्या चितळासाठी सुमारे ३.७३. म्हणजे एक वानर खाल्ल्यावर साडेतीन आणि एक चितळ खाल्ल्यावर तेरा-साडेतेरा विष्ठा पडतील. किलोमागे पाहिले तर वानराच्या खुणा दीडपटीहून अधिक. ही दुरुस्ती केली नाही तर वाघ वानरांवरच जगतो असे वाटू लागेल. पुढे भारतातल्या मोठ्या मार्जारांवरही अशा चाचण्या झाल्या आणि सूत्र आणखी सुधारले गेले.

हे तंत्र एकट्या वाघाचे नाही. समुद्रकाठी काम करणारे जीवशास्त्रज्ञ पाणमांजराच्या विष्ठेतले माशांचे खवले, मणके आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे याच रीतीने मोजतात. सीलच्या विष्ठेत तर माशाच्या कानातला कठीण खडा सापडतो, आणि त्यावरून माशाची जात आणि आकार दोन्ही कळतात. यवतमाळच्या कोरड्या सागवानी रानात खडे नाहीत, केस आहेत, एवढाच फरक.

आकड्यांनी काय सांगितले? कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांचा १९९५ मधला अभ्यास असे दाखवतो की भक्ष्य भरपूर असले तर वाघ मोठी जनावरे निवडतो. वाघाला वर्षाला साधारण पन्नास मध्यम-मोठी जनावरे लागतात आणि एवढी शिकार टिकून राहायची तर त्याच्या हद्दीत सुमारे पाचशे खुरवाली जनावरे हवीत, असा हिशेब कारंत यांनी मांडला. महाराष्ट्रात विद्या अत्रेय यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार बिबट्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के होता आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. उसाच्या शेतातला बिबट माणसांच्या सोबत राहून कुत्र्यांवर जगतो, ही गोष्ट त्याआधी कुणी इतक्या स्पष्टपणे मोजली नव्हती. यवतमाळचा प्रश्न नेमका इथे येऊन मिळतो, कारण या जिल्ह्यातले वाघही अभयारण्याच्या रेषेत मावत नाहीत.

टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर, पांढरकवड्याजवळ. हिशेब लावला तर एवढ्या क्षेत्रात वाघांच्या मोजक्याच जोड्यांना जागा आहे. दक्षिणेला पैनगंगेच्या काठी उमरखेड-नांदेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरच्या आतली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावे बाहेर वसवली गेली. त्यांच्या शेतांच्या जागी कुरणे तयार झाली, गुरांची चराई थांबली, आणि चितळांना गवत मिळाले. वाघ वाढले ते यामुळे. महाराष्ट्रातली वाघांची अंदाजित संख्या २००६ मध्ये १०३ होती, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. या वाढीत ताडोब्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण टिपेश्वरचे महत्त्व संख्येपेक्षा जागेत आहे. मेळघाट वगळला तर विदर्भातल्या वाघांच्या पश्चिम टोकाला ते उभे आहे आणि तिथून पुढे कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती सुरू होते.

वाढलेल्या वाघांच्या पिलांना नवी हद्द शोधावी लागते. ती त्यांना राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव भागातल्या झुडपी रानांत, नाल्यांच्या खोऱ्यांत आणि शेतांच्या बांधांवर मिळाली. तिथे रानडुक्कर आणि रोही आहेत, पण त्यांच्यापेक्षा मोकाट चरणारी गुरे कितीतरी जास्त आहेत. अशाच भागात टी-वन वाघीण राहत होती. लोक तिला अवनी म्हणत. २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. त्यांतले बहुतेक जण गुरे चारायला किंवा शेतीच्या कामाला गेलेले गरीब लोक होते. त्या गावांतली भीती खरी होती. संध्याकाळनंतर शेतात कुणी थांबत नसे, गुराखी घोळक्याने निघत.

या प्रकरणात आहाराच्या अभ्यासाला न्यायवैद्यकाचे रूप आले. माणूस मारला गेल्यावर जखमेतली लाळ, घटनास्थळीचे केस आणि आसपासची विष्ठा गोळा करून हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्राकडे डीएनए तपासणीसाठी पाठवली जाई. मारणारा वाघ की बिबट, नर की मादी, आणि ओळखीचा प्राणी की दुसराच, हे लाळेवरून कळते. आधीच्या काळात ‘नरभक्षक’ हे नाव अंदाजाने चिकटवले जात असे, आता ते सिद्ध करावे लागते. शंभरहून अधिक कॅमेरे लावले गेले, हत्ती आणले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिला दोन पिले होती. शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात झाले. तिच्या पोटात आणि आतड्यांत अन्न नव्हते, फक्त द्रव आणि वायू होते. म्हणजे काही दिवस तिला शिकार मिळाली नव्हती किंवा करता आली नव्हती. मोठ्या शोधमोहिमेने सतत हाकललेल्या, पिले सांभाळणाऱ्या वाघिणीच्या पोटातली ही नोंद त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी आहे, आणि ती जितकी चर्चेत यायला हवी होती तितकी आली नाही. तिच्या पिलांपैकी मादी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पकडून पेंचमध्ये ठेवली गेली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडले, पण काही दिवसांतच जखमी होऊन ती मेली.

टिपेश्वरच्या दुसऱ्या एका वाघाने याच प्रश्नाची वेगळी बाजू दाखवली. भारतीय वन्यजीव संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावली. तो टिपेश्वरमधून निघाला, पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेला, परत हिंगोली, वाशीम, अकोला जिल्ह्यांतून चालत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर काढली जाईपर्यंत तो तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला होता. वाटेत हजारो लोकांच्या शेतांतून, रस्त्यांवरून गेला, बहुतेक रात्री. गुरे आणि रानडुकरे मारून जगला. झुडपात विसावला असताना आत शिरलेल्या लोकांशी एकदा त्याची झटापट झाली, त्यात कुणी गंभीर जखमी झाले नाही. तोच प्रदेश, तेच भक्ष्य, पण एका वाघाच्या वाट्याला माणसांशी वैर आले आणि दुसरा जवळजवळ न दिसता निघून गेला. यातला फरक एकट्या आहाराने उलगडत नाही. पिले, हद्द आणि माणसांचा वावर यांचाही त्यात वाटा असतो. टिपेश्वरचेच वाघ पुढे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळ्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात दिसले. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्यांची ओळख पटली. बाहेर पडलेल्या प्रत्येक वाघाबरोबर गुरे मारल्याचे पंचनामे नव्या जिल्ह्यांत सुरू झाले.

हा पंचनामा आजच्या अभ्यासाचे एक मुख्य साधन आहे. गाय मारली गेली की मालक वनखात्याला कळवतो. वनरक्षक, जनावरांचा डॉक्टर आणि पंच घटनास्थळी जातात, व्रण मोजतात, फोटो काढतात, जनावराची किंमत ठरवतात आणि भरपाईचा प्रस्ताव जातो. वेळेत पैसे मिळाले तर मालक मेलेल्या गाईला हात लावत नाही, आणि वाघ परत येऊन तिच्यावर पोट भरतो. पैसे लांबले तर काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. मेलेल्या जनावरावर कीटकनाशक ओतले जाते. कापसाच्या जिल्ह्यात हे विष घरोघर असते. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले, तेव्हा त्या रसायनांची ताकद साऱ्या महाराष्ट्राला कळली.

म्हणून वाघ मेला तर आता शवविच्छेदनात पोटातला अंश, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे विषाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे पंचांसमोर नखे-दात मोजले जातात आणि शव जाळले जाते. यवतमाळमधल्या नोंदींत आजारापेक्षा माणसाने केलेल्या इजाच जास्त ठळक आहेत. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास आणि कुंपणात सोडलेला वीजप्रवाह वाघांनाही लागतो. एप्रिल २०२१ मध्ये झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबन परिसरात एका गाभण वाघिणीला गुहेत कोंडून, आग लावून मारले गेले आणि तिचे पंजे कापून नेले. टिपेश्वरमध्ये गळ्यात तारेचा फास रुतलेले वाघ दिसले, त्यांना बेशुद्ध करून तारा काढाव्या लागल्या. गळ्यात फास असलेला वाघ शिकार नीट करू शकत नाही आणि सोप्या भक्ष्याकडे वळतो. कॉर्बेट यांनी साळिंदराच्या काट्यांविषयी जे लिहिले, तेच इथे तारेने घडते.

आहार आणि आरोग्य यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसले ते मात्र वाघात नव्हे, गिधाडांत. वाघाने टाकलेल्या आणि गावाबाहेर मेलेल्या गुरांवर गिधाडे जगत. १९९० च्या दशकात ती देशभर झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. २००४ मध्ये कारण सिद्ध झाले. गुरांना ताप-सूज उतरवण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरातून गिधाडाच्या शरीरात जाते आणि मूत्रपिंड बंद पाडते. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केले, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर बंदी आली, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरयाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे यवतमाळशेजारच्या ताडोब्यात आणली गेली, पण त्यांतली काही पुढे मेली. विदर्भात गिधाडे परत येऊन टिकायची, तर आधी गावागावांतल्या पशुवैद्यकांच्या आणि औषध दुकानांच्या कपाटांत कोणती औषधे आहेत याची तपासणी करावी लागेल, आणि गिधाडांच्या अभ्यासात आता हेही काम मोजले जाते.